आत्याची पाठवणी, व्हाया रोहा

रेवदंड्याहून तळ्याला जायचं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? सकाळची नऊ चाळीसची रोहा गाडी धरावी, रोह्याला उतरून कँटीनचा चहा प्यावा, साडेअकराच्या तळा गाडीत खिडकी पकडावी, की जेवायच्या वेळेला माणूस तळ्यात हजर. रावजी घरतांना हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, कारण एकतीस वर्षं ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून गाडी कधी आली, कधी सुटली आणि उशीर का झाला हे वहीत लिहिणारा माणूस. आणि तरीही या रावजींना स्वतःच्या सख्ख्या आत्याला रेवदंड्याहून तळ्याला पोचवायला चार महिने आणि एक दिवस लागला. कसा लागला ते सांगतो, फक्त मध्येच उठू नका.

सखुबाई आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती भाच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरी आली होती. डोळ्यांवरची पट्टी निघाली, लख्ख दिसू लागलं, आणि पहिल्यांदा नजरेस काय पडलं, तर रावजींची वही. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी रावजींनी वही सोडली नव्हती. ती आता घरातल्या माणसांवर चालू होती. "सौ. नूतन, बाजार. नियोजित ९.००, प्रत्यक्ष ९.२५. उशिराचे कारण: शेजारीण." नूतनबाई ही वही चुलीत घालायला दोनदा निघाल्या होत्या, पण नवऱ्याला दुसरं व्यसन नाही म्हणून परत फिरल्या.

"रावजी, मना आता सासरी पोचव," आत्या म्हणाली.

"उद्या नऊ चाळीसला बसवतो की."

"यष्टीनं न्हाय. शेठच्या मोटारीनं."

रावजींनी नूतनबाईंकडे पाहिलं, नूतनबाईंनी औषधाच्या गोळ्यांकडे पाहिलं. पण आत्याचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. वाल सोलत सोलत तिनं सगळं सांगितलं, आणि रावजींनी आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आत्याचा बाप, म्हणजे रावजींचा आजा मोरू, हा मिठाच्या शेठचा ड्रायव्हर. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि लग्न होतं तळ्याला, नवऱ्या मुलाच्या दारात. मोरूनं शेठकडून एका दिवसासाठी मोटार मागून घेतली. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. भरती बघून, दोन मचवे एकमेकांना बांधून, त्यांवर फळ्या टाकून मोटार पलीकडे नेली, आणि सखू आत बसून, बाशिंग धरून. रोहा झालं, पुढचं रानही झालं. पण तळ्याच्या अलीकडच्या चढाला मोटारीनं वाफ सोडली आणि ती थांबली. मोरू म्हणाला, "अर्धा घंटा थांबा. निवंल नि चालंल." पण मुहूर्त टळत होता. सासरची माणसं बैलगाडी घेऊन सामोरी आली, "उतर, उतर" झालं, आणि सखू उतरली. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि तेवढ्यात मोटार आली. रिकामी. मांडवासमोरून मोरू ती रिकामी मोटार घेऊन गेला, तेव्हा पंगतीतली सगळी माणसं हसली. तो पानावर बसला नाही. लेकीला लांबूनच हात केला आणि मोटार वळवून गेला.

"नंतर दर खेपेला म्हनायचा, पुढच्या टायमाला मोटारीनं सोडीन हां सखू. मग शेठनंच मोटार बंद केली. नि बाबा पन गेला." आत्यानं वालाची साल सुपात टाकली. "मना आजून तीच मोटार दिसते बग. मी अर्धा घंटा थांबले असते तर?"

आता यावर नऊ चाळीसची गाडी आहे असं कोण म्हणणार? रावजी तर म्हणूच शकले नाहीत. कारण तुम्हाला सांगायचं राहिलं, निवृत्तीनंतर रावजींना जुन्या मोटारींच्या इतिहासाचा नाद लागला होता. कोणत्या साली कोण कुठून कुठे मोटारीनं गेला, वाटेत काय मोडलं, किती उशीर झाला, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःला मोटार चालवता येत नव्हती, हा भाग वेगळा. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या सोडण्यात गेली, शिकायला वेळ कुठे होता?

शेठचा नातू अल्पेशभाई. मिठाचा धंदा बुडाला तशी त्यानं खत-बियाण्यांचं दुकान काढलं होतं, पण जुन्या गोदामात मोटार अजून विटांवर उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मोटारीच्या तोंडावरची नावाची पट्टी पूर्वीच कुणीतरी काढून कोयत्याच्या मुठीला ठोकली होती, त्यामुळे मोटार कोणत्या कंपनीची हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"लई जाओ, रावजीभाई, घेऊन जा," अल्पेशभाई म्हणाला. "फकत कोंबड्यांची सोय करून द्या."

कोंबड्या रावजींच्या पडवीत आल्या. त्या दिवशी वहीत एकच नोंद आहे: "सौ. नूतन बोलत नाही. नियोजित: माहीत नाही."

मोटार दारात आली आणि गाव दारात आलं. कुणी म्हणालं, रिक्षाचं इंजिन बसवा, सरळ पोचाल. कुणी म्हणालं, आजीला नुसतं आत बसवा, फोटो काढा, मागे तळा गावाचं चित्र आम्ही मोबाइलवर लावून देतो. एक गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे, मोटारीभोवती एक फेरी घालायचे, "भंगाराला बरी जाईल" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. रावजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "अठराशे अठ्ठ्याऐंशी साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई, नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसकट शंभर किलोमीटर गेली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. पेट्रोल औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून साफ केली."

"एवढं कशासाठी?" नूतनबाईंनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं.

"आईला भेटायला. माहेरी."

"मग बरोबर आहे," नूतनबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पुन्हा बोलू लागल्या.

"ती म्हायेरी गेली," आत्या पडवीतून म्हणाली. "मना सासरी जायचंय. पिना तेवढ्या हायेत माझ्याकडं."

इंजिनाचं काम अलिबागच्या प्रज्योतनं घेतलं. चाळिशीचा गॅरेजवाला, निम्मं आयुष्य वाशीला काढलेलं. "काका, इंजिन मैं देखता, टेन्शन लेऊ नका," तो म्हणाला. "पण बॉडीचं काय? ही तर आतून लाकडाची हाय. पत्रा नुसता वरून मारलेला." आणि ते खरंच होतं, त्या काळच्या मोटारींचा सांगाडा लाकडी असायचा. तो सगळा वाळवीनं खाल्लेला. मोटारीचं लाकूडकाम करणारा मिस्त्री अख्ख्या जिल्ह्यात मिळेना.

इथे रावजींचा इतिहास त्यांना नडला. एकोणीसशे सात साली पेकिंग ते पॅरिस मोटारींची शर्यत झाली, त्यात पहिल्या आलेल्या मोटारीचं चाक रशियात मोडलं, आणि एका खेड्यातल्या सुतारानं नुसत्या कुऱ्हाडीनं ते नवीन करून दिलं. हे आठवल्यावर रावजी तडक बंदरावर गेले आणि हिरामणला घेऊन आले. हिरामण कोळी हा होड्या बांधणारा सुतार. त्याच्या आज्यानंच ते दोन मचवे बांधून मोटार खाडीपार नेली होती, त्यामुळे हे काम तो घरचं समजून करायला तयार झाला. अट एकच, मध्ये मध्ये विचारायचं नाही.

रावजींनी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी हिरामणनं ताडपत्री काढली. सांगाडा सागाचा, सरळ, नजर ठरत नव्हती. फटीफटीत कापूस ठासून वर राळ भरली होती. रावजींनी कौतुकानं दाराच्या कडीला हात घातला. दार हलेना. दुसरं धरलं. तेही हलेना.

"हिरामण, दारं?"

"बुजवली," हिरामण म्हणाला. "केवढ्या फटी व्हत्या त्यांना. पानी शिरलं असतं."

"अरे, मोटारीत पाणी कशाला शिरेल?"

"मंग होडीत शिरतं व्हय? आपन बुजवतो म्हनून शिरत न्हाय."

रावजी पायरीवर बसले. एकतीस वर्षांत त्यांनी दार न लागणारी गाडी पुष्कळदा पाहिली होती, पण न उघडणारी ही पहिलीच. हिरामणला सगळं पुन्हा फोडायला सांगावं म्हणून ते उठणार, तोच आत्या काठी टेकत आली. तिनं चारही दारं हातानं चाचपली.

"बरं केलंस रं हिरामण," ती म्हणाली. "आता कोन मधीच उतरवायचा न्हाय."

झालं. मोटारीला टप नव्हताच, वरून चढता येणार होतं, म्हणून दारांचा प्रश्न मिटला. मात्र एवढ्यावर थांबेल तो हिरामण कसला. नव्या होडीला शेवटचा हात द्यायचा तसा त्यानं मोटारीला आतून-बाहेरून मुशीच्या तेलाचा हात दिला. आता मुशी म्हणजे शार्क मासा, आणि त्याच्या काळजाचं तेल लाकडाला उत्तम, कीड लागत नाही, पाणी लागत नाही. समुद्रावर वारा असतो, त्यामुळे वासाचं कुणी मनावर घेत नाही. घरतांच्या अंगणात वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या काठावर सात मांजरं बसली होती, बॉनेटवर चार आणि कावळे वेगळे. नूतनबाईंनी साबण लावला, चुना लावला, शेवटी उदबत्तीचा पुडा लावला. त्यानंतर मोटारीला उदबत्ती लावलेल्या माशाचा वास येऊ लागला.

राहिले सरकारी कागद. परिवहन कार्यालयाच्या संगणकात मोटारींच्या वर्षांची यादी एकोणीसशे पन्नासपाशी संपत होती, त्याच्या मागे जगात मोटार नव्हती. खिडकीवरच्या कारकुनानं मालकाची सही मागितली. मालक एकसष्ट साली वारले, असं रावजींनी सांगितलं. "मग सोमवारी पाठवा," तो मान वर न करता म्हणाला. रावजी अशा सहा सोमवारी गेले. स्वतः एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला खिडकीच्या बाहेर उभं राहावं लागणं, यातलं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

अखेर मनाली मॅडम म्हणून एक अधिकारी होत्या, त्यांनी आत्याची गोष्ट ऐकली आणि फाइल वर घेतली. मोटार बघायला स्वतः आल्या, नाकाला रुमाल लावून दोन फेऱ्या मारल्या. "हॉर्न नाही, दिवे नाहीत, इंडिकेटर नाही. कशी सोडू?"

इथे रावजींनी गप्प बसायला हवं होतं. पण विषय निघाला आणि रावजी गप्प बसले असं कधी झालेलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, इंग्लंडात अठराशे पासष्ट साली कायदाच होता. मोटारीपुढे एका माणसानं लाल झेंडा घेऊन चालायचं."

मॅडमनी रुमाल खाली घेतला. "असं? चांगली कल्पना आहे." आणि एका दिवसाच्या परवान्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात अट लिहिली: दिवसाउजेडी प्रवास, प्रत्येक वस्तीतून जाताना एक जबाबदार व्यक्ती लाल झेंडा घेऊन वाहनापुढे चालेल. कंसात नाव: श्री. रावजी घरत.

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेसहाला मोटार सुटली. रावजींनी वहीत लिहिलं, शिट्टी वाजवली. प्रज्योत स्टिअरिंगवर, मागे आत्या, नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. तिला चौघांनी वरून आत ठेवली होती. शेजारी नूतनबाई, आणि हिरामण. नव्या होडीच्या पहिल्या फेरीला सुतार लागतोच म्हणून तो पाणी उपसायचा डबा घेऊन बसला होता. त्यानं बॉनेटवर नारळ फोडला तेव्हा प्रज्योतच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण रंग कालच दिला होता.

साळावचा पूल छान पार पडला. आत्या खाली खाडीकडे बघत होती. पुढे पहिली वस्ती आली. मोटार थांबली. रावजींना उतरायचं होतं, आणि दारं बुजवलेली. ते सीटवर उभे राहिले, एक पाय बाहेर टाकला, धोतर अडकलं. हो, समारंभ म्हणून त्या दिवशी धोतर नेसले होते. नूतनबाईंनी आतून लोटलं, ते बाहेर पडले. झेंडा घेऊन वस्तीभर चालले, वस्ती संपल्यावर पुन्हा बाहेरून आत चढले. रोह्यापर्यंत अशा अकरा वस्त्या आहेत. पाचव्या वस्तीनंतर रावजींनी आत चढायचा नाद सोडून मडगार्डवर बसायला सुरुवात केली.

बरं, लाल झेंडा बघून लोकांचा समज काय व्हावा? "काका, कसला मोर्चा?" असं जो तो विचारी. एका गावात तिघंजण पाण्याच्या टाकीची मागणी घेऊन रावजींच्या मागे चालू लागले, आणि वस्ती संपल्यावरच त्यांना कळलं की पुढे काही नाही. रोह्याला मासळीबाजाराजवळ तर मोटार वीस मिनिटं हललीच नाही, कारण पुढे-मागे मांजरं बसली होती. तिथल्या स्टँडवरचे जुने सहकारी रावजींना बघायला फलाटावर आले. ज्या माणसाच्या शिट्टीवर चाळीस गाड्या हलायच्या, तो मळलेल्या धोतरात झेंड्यानं मांजरं हाकत होता. कुणी हसलं नाही, हे त्यांचं चांगुलपण. पण रावजींना ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

तळ्याला अकरा वाजता स्वागत होतं. आत्याचा नातू स्वराज तिथला हौशी कार्यकर्ता, त्यानं मांडव घातला होता, बँड सांगितला होता, फलक लावला होता. दहा वाजून पन्नास मिनिटांनी मोटार तळ्याच्या अलीकडच्या चढाला लागली. "वेळेत," रावजी म्हणाले आणि घड्याळाकडे बघून आयुष्यभराचं समाधान पावले. तेवढ्यात बॉनेटखालून वाफ आली. मोटार दोनदा खोकली आणि थांबली.

प्रज्योत उतरला, म्हणजे चढून उतरला, आणि झाकण उघडून बघितलं. "काका, फुल गरम. आता हात लावायचा नाय."

फोन सुरू झाले. साडेअकराला स्वराज स्वतः जीप घेऊन आला. पांढरी, नवी, एसीवाली. "आजी, चल, उतर. लोक खोळंबलेत. बँडवाल्यांना पुढे माणगावला लग्न आहे. मोटार मागून येईल."

"मागून येईल" हे शब्द पडले आणि आत्यानं सीटची कड दोन्ही हातांनी धरली.

"न्हाय उतरायची."

"अगं, दोन मिनिटांचा रस्ता आहे. उचलून घेतो ना."

"न्हाय म्हन्ते ना. निवंल नि चालंल. थांबा."

स्वराज रावजींकडे वळला. "काका, तुम्ही तरी सांगा. तुम्ही वेळेचे एवढे पक्के."

रावजींनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा चौतीस. एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही चौतीस मिनिटं माफ केली नव्हती. मग त्यांनी आत्याचे हात पाहिले. सुरकुतलेले, कडेवर आवळलेले. त्यांनी घड्याळ सोडलं आणि धोतराच्या सोग्यात बांधून टाकलं.

"स्वराज, गाडी थांबली आहे," ते म्हणाले. "आता ड्रायव्हर सुटायचं म्हणेल तेव्हा सुटेल. तू पुढे हो."

जीप गेली. ऊन चढलं. हिरामणनं आपल्या डब्यातून ओढ्याचं पाणी आणलं, आणि तो डबा कशासाठी आणला हे सगळ्यांना तेव्हा पटलं. नूतनबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी सोडली, मोटारीतच पंगत बसली. आत्या एकदाच म्हणाली, "बाबा त्या दिशी जेवला न्हवता," आणि आपल्यातली चतकोर भाकर तिनं पुढच्या रिकाम्या सीटवर, ड्रायव्हरच्या जागेवर ठेवली. प्रज्योतनं ती बघितली आणि तो रस्त्यावरच उभा राहिला.

दीड वाजता इंजिनावर हात ठेवता आला. पण मोटार सुरू होईना. प्रज्योतनं नळी काढून फुंकली. "कचरा अडकलाय. पातळ काय तरी पायजे."

आत्यानं अंबाड्यातली पिन काढून पुढे केली. रावजींच्या अगदी ओठांवर आलं होतं, अठराशे अठ्ठ्याऐंशी, बर्था बेंझ. पण नूतनबाईंनी एकदा नुसतं पाहिलं आणि त्यांनी ते गिळलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी मोटार तळ्यात शिरली. पुढे रावजी, उन्हानं लाल झालेले, हातात लाल झेंडा. मागे फटफट करत मोटार, आणि तिच्यात ताठ बसलेली आत्या. मांडव होता, फलक होता, पण माणूस नव्हतं. बँड माणगावला गेला होता, पाहुणे जेवायला गेले होते. मासळीच्या वासानं जमलेली पाच-सहा मांजरं तेवढी रांगेत बसली होती. खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत एक म्हातारी डुलक्या घेत होती. ही मनुबाई, आत्याची धाकटी नणंद. लग्नात ती नऊ वर्षांची होती, आणि त्या रिकाम्या मोटारीमागे टाळ्या वाजवत पळाली होती.

फटफट ऐकून मनुबाईनं डोळे उघडले. उठून मोटारीपाशी आली. आत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"या टायमाला रिकामी न्हाय," ती म्हणाली, आणि तिनं वहिनीचा हात हातात घेतला.

स्वराज ओशाळून धावत आला, शिडी कुठे आहे म्हणून ओरडू लागला. आत्या काही हलेना. "आधी वही काढ," ती रावजींना म्हणाली.

रावजींनी झोळीतून वही काढली. रेघ ओढली. सखुबाई, रेवदंडा ते तळा, व्हाया रोहा. नियोजित वेळेच्या रकान्यात आत्यानं सांगितलेली लग्नाची तारीख घातली, प्रत्यक्षच्या रकान्यात आजची. बोटांवर हिशेब केला आणि उशिराच्या रकान्यात बहात्तर वर्षं लिहिलं. एवढा मोठा उशीर त्यांच्या हातून कधी लिहिला गेला नव्हता. मग पेन शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"कारण काय लिहू, आत्या? इंजिन गरम?"

"इंजिनचा काय दोष?" आत्या म्हणाली. "लिही, नवरी मधीच उतरली व्हती."

रावजींनी तसंच लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यानं शब्द न् शब्द ऐकून घेतला आणि पदर नीट केला.

"आता उतरवा मना," ती म्हणाली.